वासण्याच्या सतरा वेली

मुक्काम वासण्याचा मळा, बडोदे
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३४

चिरंजीव जयवंत यास वडिलांचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा चार जास्तच.

आम्ही खुशाल आहोत. कडीला थंडी फार, असं तुझ्या आईला कुणीतरी सांगितलंय. काल लहरीपुऱ्याच्या बाजारातून तिने तुझ्यासाठी लोकर आणली. घोडीचा पाय बरा आहे.

परवा तुझ्या शेतकी खात्याचे दोघे साहेब तुझ्या द्राक्षांची दारू चाखायला मळ्यावर आले. तिला दारू म्हणायचं नाही असं तू बजावलं होतंस, पण मी जन्मभर मोहाची प्यालेला शिलेदार, मला दुसरा शब्द येत नाही. चैत्रात तू भरून ठेवलेली बरणी उघडली आणि पहिला पेला त्यांनी माझ्याच हातात दिला. पहिल्या घोटाला जीभ कच्च्या जांभळाने आखडावी तशी आखडली, मग छातीत हळूहळू ऊब उतरली. चांगली झाली आहे रे. त्यातले गुजराती साहेब तर "बहु सरस, काका" म्हणत तीनदा पेला पुढे करत होते.

मग त्यांनी विचारलं, "दुष्काळात या वेलींना खरंच थेंबभर पाणी दिलं नाही?"

मी म्हणालो, नाही दिलं. तेव्हापासून बूड एका जागी टेकत नाही. उठतो, बसतो, बांधावर चकरा मारतो. काय हरवलंय, असं तुझी आई विचारते.

जयवंत, मी पाणी दिलं होतं. गेल्या साली पाऊस झाला नाही आणि दिवाळीला तुझ्या वेलींची पानं झडायला लागली. तीन वर्षं परमुलुखात काढून तू इटलीहून आणलेल्या काड्या माझ्यादेखत वाळाव्यात, हे मला पाहवेना. विहिरीतून माणशी दोन घागरी मिळत. माझ्या दोन्ही मी वेलींना घालायचो, ओल्या पंचाने अंग पुसायचो आणि नदीवर अंघोळ केली म्हणून सांगायचो. नदीत तेव्हा पाणी कुठलं? तुझ्या आईला वास येत असणार.

दोन घागरी बारा वेलींनाच पुरायच्या. पलीकडच्या पाच वाळल्या. त्यांना वाळवी लागली असं मी तुला कळवलं, ते खोटं होतं.

या वेली पाण्यावाचून तगतात, असा रिपोर्ट तू माझ्या शब्दावर लिहिलास. तुझी बढती त्यावर अडली आहे, म्हणून मी गप्प बसलो. पण तो वाचून संक्रांतीनंतर तिकडे कडीचे लोक बाजरीची रानं मोडून या काड्या लावतील. पाऊस गेला तर त्यांनी काय करायचं?

तू मला वाचवू नकोस. रिपोर्टात लिही : सतरा वेलींपैकी पाचांना पाणी मिळालं नाही, त्या पाचही मेल्या. हा कागद त्याला जोड. जबाब म्हणून खाली पूर्ण सही करतो आहे.

सुभानराव पिलाजीराव घाटगे,
शिलेदार