विचारलेला चहा

शिवाजी पेठ, गुरुवार, १८ जानेवारी १९७३

चुकलंच माझं. मी माहेरी आलेय कळल्यावर शेजारच्या नूरमावशी हातातली गोधडी टाकून भेटायला आल्या आणि मी दारातच विचारलं, "चहा घेणार का?" त्या म्हणाल्या, "नको गं, आत्ताच झालाय." मी ते खरं मानलं. थोडं बसून गेल्यासुद्धा.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "इचारतात व्हय गं कधी? आधण ठिवायचं की गप."

मला माहीत नाही का? याच घरात वाढले. पण मुंबईत दीड वर्षात जीभच तशी वळली. तिथे दुधाची एकच बाटली येते. दुसरी परवडत नाही, अर्धा पगार खोलीच्या भाड्यात जातो. का, तर खिडकीतून समुद्र दिसतो. आणि दिसतो खरंच. संध्याकाळी तिथे उभी राहिले की हलावंसं वाटत नाही. ती खिडकी सोडून लांब कुठेतरी दोन खोल्या घ्यायच्या? ह्यांचं पत्र आलंय, घरमालकाला महिनाअखेर सांगायचं आहे, तुझं काय ते कळव. काय कळवू?

चहा घेणार का. शी. कुणी शिकवलं मला हे?

दिवेलागणीला मुद्दाम नूरमावशींकडे गेले. टेकायच्या आधी कप हातात. दुपारचा विषयही त्यांनी काढला नाही.

परत आले तर आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिमगा झाल्यावर येईन म्हणते तुज्याकडं. मलाबी इचारशील काय?"

"काहीतरीच," म्हणाले. पण म्हणायला जरा उशीर झाला, आणि तो तिला कळला.