हेरन्ससाठी तळघरात

१ एप्रिल
आजपासून हेरन्सचा, आपल्या बेसबॉल टीमचा, सीझन सुरू आणि आजपासूनच ही डायरी. यंदा आपण नव्वद मॅचेस जिंकणार. ऑक्टोबरमध्ये फायनलला पोचलो की लोक विचारतील, लेनर्ड, सुरुवातीला कसं वाटत होतं? तेव्हा आठवत बसायला नको.
संध्याकाळी – ९-१ ने हरलो. पहिली मॅच मोजायची नसते. अजून एकशेएकसष्ट आहेत.

४ एप्रिल
चारपैकी चार गेल्या. पण एक शोध लागला. पाचव्या इनिंगला गीझर बंद पडला म्हणून मी तळघरात उतरलो, तेवढ्यात आपले चार रन. धावत वर आलो, खुर्चीत टेकलो, आणि समोरच्यांनी सहा काढले. मेहुणा यूजीन टीव्ही सोडून माझ्याकडे बघायला लागला. बर्निसही. स्वतःची बायको. म्हणाली, गीझर पुन्हा एकदा बघून ये जा. मी म्हटलं, गीझर चालू आहे. म्हणाली, तरी बघ.

५ एप्रिल
निर्णय घेतला. माझा मीच. यूजीनने फक्त तळघराचं दार उघडून धरलं. एक मॅच जिंकेपर्यंत, मॅच चालू असताना मी खाली, रंगाच्या रिकाम्या बादलीवर. रेडिओ नाही. फोन वर. तोंडातून शब्द नाही. आपला रन झाला की यूजीन वरून एकदा पाय आपटेल. दोन-तीन दिवसांचा प्रश्न.

७ एप्रिल
एकदाही आपटला नाही. मला वाटलं यूजीनला डुलकी लागली. ३-० ने हरलो. चूक सापडली: मी स्टेडियमकडे पाठ करून बसलो होतो.

९ एप्रिल
बादली फिरवली. तीनदा पाय आपटला. ११-३ ने हरलो, पण ते अकरा माझ्या अंगावर नकोत. मी रन काढण्याचं बघतो, अडवण्याचं खातं माझ्याकडे नाही.

१२ एप्रिल
लेकीचा फोन. रेनाटा १९ला मोंटानाला निघतेय, जनावरांच्या दवाखान्यात नोकरी. दोन दिवसांचा रस्ता, ट्रक भरून सामान. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून वर्षातून एक मॅच आम्ही दोघं स्टेडियमवर जाऊन बघतो. ती मांडीवर वही घेऊन स्कोअर लिहिते, मी चुका काढतो. तिने १९ची तिकिटं आधीच काढलीत. दुपारची मॅच बघायची आणि संध्याकाळी सहाला निघायचं. म्हणाली, पपा, यानंतर कधी जमेल सांगता येत नाही, तू येतोयस ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला? सात दिवस आहेत. एक जिंकली की मी मोकळा.

१५ एप्रिल
बारा मॅचेस, बारा पराभव. कंबर धरली. माझ्या खुर्चीत आता यूजीन बसतो. म्हणे, तुझ्यासाठी गरम ठेवतोय. चिप्सही माझेच.
आज बर्निस म्हणाली, पुरे झाला तमाशा, वर ये. ती समजते तितकं सोपं नाही. मी वर गेलो आणि हरले, तर माझ्यामुळे हरले. वर गेलो आणि जिंकले, तर आधीच्या आठही खाली बसल्यामुळे गेल्या, म्हणजे त्याही माझ्यामुळेच. दोन्हीकडून मीच. बादली बरी.

१८ एप्रिल
चौदा. रेनाटा मुक्कामाला आली. पायरीवर बसून म्हणाली, पपा, त्यांना बॅट धरता येत नाही, एवढंच आहे हे, तुझ्या बादलीचा काही संबंध नाही. म्हटलं, हळू बोल. तर म्हणाली, मी तुझ्याकडे विजय मागितला नव्हता, शेजारी बस म्हटलं होतं. म्हटलं, सकाळी सांगतो.
झोप येत नाही. जावंसं फार वाटतंय.

१९ एप्रिल, स. ११.३०
नाश्त्यालाच सांगितलं, यूजीनमामाला घेऊन जा. म्हणाली, मामाबरोबर जायचं असतं तर मामाला विचारलं असतं. तिकिटं फ्रिजवर तशीच. ती वरच टीव्हीवर बघणार. मॅच चारला संपेल, म्हणजे निघेपर्यंत दोन तास गप्पा. स्टेडियममध्ये एवढं बोलणं झालंच नसतं. खाली आलो. कडी घातली.

दु. १.४०
वर सामसूम. यूजीनचा पायसुद्धा गप्प. याचा अर्थ एकच: आपला पिचर आज समोरच्यांना एकही हिट देत नाहीये. असं चाललं असताना कोणी तोंडातून शब्द काढायचा नसतो, काढला की संपलं. म्हणून घर गप्प आहे. खरं तर मी हे लिहायलाही नको होतं. वरचं खोडतो.

१.५५
दार वाजलं. रेनाटाच. पपा म्हणाली, पुढचं गीझरच्या धडधडीत ऐकू आलं नाही. उत्तर दिलं नाही. पुन्हा वाजलं. श्वास रोखून बसलो. मग पावलं गेली. रागावणार नाही ती. अशा वेळी बोलायचं नसतं हे मीच शिकवलंय तिला.

३.५०
अजून सामसूम. एखादीच इनिंग उरली असेल. डोळे भरून येतायत. चौदा हरलो आणि पंधरावी अशी. संपली की धावत वर जाईन आणि पोरीला मिठी मारीन.

५.१५
वर गेलो. बर्निस बटाटे सोलत होती. खिडकीबाहेर वीतभर बर्फ. एप्रिलमध्ये. मॅच साडेबारालाच रद्द झाली. यूजीन आपल्या दारातलं बर्फ काढायला घरी गेला. त्याला वाटलं मला बर्निसने सांगितलं, बर्निसला वाटलं त्याने. हायवे बंद व्हायच्या आत निघावं म्हणून रेनाटा दोनलाच गेली. बर्निस म्हणाली, तुझ्या दारापाशी बराच वेळ उभी होती, मला वाटलं तुमचं बोलणं चाललंय.
फोन केला. गाडी चालवत असेल, उचलला नाही. मॅच आता ऑगस्टमध्ये, तीच तिकिटं चालतील म्हणे.
यूजीनचा फोन. विचारतो, उद्या वर की खाली? आज मी खाली होतो आणि हेरन्स हरले नाहीत. यंदा पहिल्यांदाच. हे ऐकून रेनाटा हसली असती, दुसरं कोणी नाही.