तुझा ताप उतरला होता

आई, परवा शिनोलीला गेले होते. दादाच्या मुलीला मुलगा झालाय, त्याचं नाव ठेवायचं होतं. तुझ्या त्याच पुढच्या खोलीत पाळणा बांधला होता. वहिनीची आत्या आली होती, तिच्या खालच्या ओठावर तापाचा फोड होता. तिनं बाळ उचललं, तोंड त्याच्या गालाकडे नेलं आणि मी सगळ्या बायकांसमोर बाळ तिच्या हातातून ओढून घेतलं. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं दुख आमाला कळतं. पण दुसऱ्याच्या लेकराचा कुणी मुका घेतला तर तुमाला बघवत न्हाई का?" मी काय सांगणार? कारण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि भिंतीवर तुझ्या फोटोला सकाळीच नवा हार घातलेला. मी न जेवताच निघाले. निघताना पाहिलं तर बाळ पुन्हा त्या आत्याच्याच मांडीवर होतं.

माझ्या बाळंतपणात तू किती जपलं होतंस. आजोबांनी घरातले देव घोड नदीत सोडले, तेव्हापासून आपल्याकडे अंगारा नाही, धुपारा नाही, दृष्ट काढणं नाही. त्यात तुझी उभी हयात अंगणवाडीत गेलेली. डोस, लस, उकळलेलं पाणी, यात तू कुणाचं ऐकून घेत नव्हतीस. एकदा मी अंगणातून येऊन हात न धुता बाळाला घेतलं, तर शेजारणीसमोर मला म्हणालीस, "मास्तरीण झाली, पण हात धुवायची अक्कल न्हाई आली." मला राग आला होता. मग तुलाच ताप भरला आणि तू स्वतःहून अंथरूण उचलून मागच्या पडवीत गेलीस. चुलतीला स्वयंपाकाला बोलावलंस. तोंडावर पदर धरून खिडकीतून नातवाला बघायचीस, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाहीस. मी म्हटलं, एवढं काय, साधा तर ताप आहे. तू ऐकलं नाहीस.

बारशाच्या सकाळी तुझा ताप उतरला. ओठाच्या कोपऱ्यात बारीक पाणीदार फोड उठले होते. तू कढत पाण्यानं अंघोळ केलीस, धुतलेलं लुगडं नेसलीस, हात साबणानं दोनदा धुतलेस आणि दारात येऊन उभी राहिलीस. "ताप मुतला गं, समदा भाईर पडला. दे आता माझ्या राजाला." आपल्याकडे हे कोण जाणत नाही? ओठ फुटला की ताप गेला, माणूस बरं झालं. मी बाळ तुझ्या हातात दिलं. इतक्या दिवसांची सगळी कसर तू भरून काढलीस. कपाळ, डोळे, गाल, ओठ, काही सोडलं नाहीस. मी खाटेवर बसून हसते आहे, चुलती पाळण्याची दोरी बांधते आहे, तू बाळाशी काहीबाही बोलते आहेस. आमच्या घरातला तो शेवटचा चांगला दिवस, आणि मला तो जसाच्या तसा आठवतो.

पुढं दीडेक आठवड्यानं त्याचं पिणं कमी झालं. नुसता झोपून राहायचा. मग एका हाताला झटके येऊ लागले. चुलती म्हणाली, झोपेत दचकतंय. तू म्हणालीस, "ही झोप न्हाई, गाडी बोलवा." जुन्नरच्या डॉक्टरांनी तसंच पुण्याला पाठवलं. तिथं त्याच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, काचेच्या खोलीत नळ्या लावून ठेवलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, विषाणू मेंदूत गेलाय, मेंदूला सूज आहे. आधी मला कधी असा आजार होता का याची चौकशी केली, मग विचारलं, घरात कुणाच्या ओठावर फोड आले होते का. मी म्हटलं, माझ्या आईच्या. ते म्हणाले, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, पण तिथूनच आला असावा. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, एवढ्या लहान जिवाला तो झेपत नाही. औषध चालू केलंय, पण मेंदूचा जो भाग गेला तो परत येणार नाही. मी बाहेर आले. तू डबा मांडीवर घेऊन फरशीवर बसली होतीस. काय म्हणाले, विचारलंस. मी म्हटलं, इन्फेक्शन झालंय, कसं झालं ते कळत नाही.

तू अंगणवाडी सोडलीस आणि माझ्याकडे जुन्नरला येऊन राहिलीस. त्यानं कधी मान धरली नाही, कधी आपल्याला ओळखलं नाही. तू त्याला चमच्यानं भरवायचीस, पायांना मालिश करायचीस, पण डोक्याला हात लावायची नाहीस. एकदा मी भाकरी थापत होते, तू पाठीमागून विचारलंस, "खरं सांग, टाळू भरताना माझा हात जड पडला व्हता का? त्यानंच झालं का हे?" मी मागं वळून न बघता म्हटलं, नाही गं आई. तुला ते पटलं नाही. जाईपर्यंत तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाहीस. नसलेली चूक तू उराशी धरलीस आणि मी ती धरू दिली.

आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय. मला एकटीला उचलत नाही. त्याचे वडील आळेफाट्याच्या गॅरेजमधून येतात, तेव्हा कुठं आम्ही दोघं मिळून त्याला अंघोळ घालतो. झटके अजून येतात. औषधं बदलतात, तो बदलत नाही. आमच्यामागं त्याचं कोण करणार, हे आम्ही एकमेकांना विचारायचं सोडून दिलंय. तू होतीस तेव्हा पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणायचीस. मला अजून ते म्हणता येत नाही.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, दादालाही नाही. तो म्हणेल, तू आईला दुःख नको म्हणून गप्प राहिलीस, आणि मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण आई, ते तसं नव्हतं. तुला कळलं असतं, तर तू त्याला पुन्हा मांडीवर घेतलं नसतंस. आणि जूनमध्ये माझी शाळा उघडणार होती, त्याला ठेवायला तुझ्याशिवाय मला कुणी नव्हतं.