विहिरीची पाळी आणि भाऊची सही

मी, सुनंदा तोताराम फिरके, वय एकसष्ट, राहणार जामनेर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. अक्षर हलले असेल तर ते आजाराने नव्हे, आनंदाने. त्यावरून कोणी कोर्टात जाऊ नये.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी मुलगी लता हिला. शिवणयंत्र शेजारच्या बेबाबाईला. कोर्टाच्या तारखेहून परतले की तिची गरम भाकरी तयार असे.

२. खालची केळीबाग लताला. वडिलांनी वरचे शेत माझा भाऊ जीवराम याला व खालचे मला दिले, पण बांधावरची विहीर लिहायला विसरले. पाण्यावाचून केळी कसली? आम्ही वर्षानुवर्षे कोर्टात भांडलो. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी मला डबा आणणारा हाच भाऊ. पण खटल्याच्या काळात तो येत नसे आणि भाऊबीजेचे ताट तसेच उतरवून ठेवावे लागे. या महिन्यात लोकअदालतीत तडजोड झाली: विहीर दोघांची, पाणी आठवड्याआड.

३. वडिलांची चूक पुन्हा नको, म्हणून काल मळ्यात भरिताच्या जेवणाला हा मसुदा सर्वांसमोर वाचला. म्हटले, भांडायचे तर मी असताना भांडा. भाऊ पानावरून उठलाच.

"काय व सुनंदे, मोटरीले दिवसाची वीजबी आठवड्याआडच येते, मधल्या आठवड्यात रातची! म्हंजे दिवसाचं पाणी जन्मभर तुह्या लतीले, अन् मी अंधारात साप तुडवू?"

"मामा, मग तडजोडीवर सही कशाले केली?" लताने विचारले.

"बहीण बोलली त्या खुशीत वाचलंच नाही मी!"

मीही वाचले नव्हते. हसून हसून ठसका लागला. तिथेच ठरले: दर आठवड्याचे पाणी निम्मे-निम्मे, म्हणजे दिवसाची वीज दोघांना, रात्रीचीही दोघांना. तसा वेगळा लेख झाला आहे. लताने तीच पाळी पाळावी.

४. भावजय कमलबाई मला कोर्टाच्या आवारात "माहेर लुटणारी मडम" म्हणाली होती. ते मी विसरलेले नाही. मात्र माझ्यामागे भरीत तिच्याच हातचे करावे.

५. भावाला मी काहीही ठेवत नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष केली की संशयाला जागा राहते, असे वकील म्हणाले. आणि मला साक्षीला भाऊच हवा. इतकी वर्षे त्याची सही माझ्याविरुद्धच्या कागदांवर पाहिली. एकदा ती माझ्या सहीशेजारी पाहायची आहे.

सही: सुनंदा तोताराम फिरके

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. जीवराम उखर्डू झोपे (भाऊ)
२. छगन रुपचंद महाजन (शेजारी)

जामनेर, जि. जळगाव
१७ जानेवारी १९९४