फोटोतली खिडकी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

लेकीनं दाखवलेला तो फोटो काही डोक्यातून जात नाही. चीनमधल्या कुणा कलाकारानं टॉवरमधल्या रिकाम्या फ्लॅटच्या खिडकीत एक बाई मुद्दाम उभी केलीय, घर भरलेलं दिसावं म्हणून. मी हसले होते. काय एकेक खूळ!

शेजारच्या लक्ष्मीअक्का मुलाकडे हैदराबादला गेल्या आणि तिकडेच वारल्या. घर अंधारात नको, असं मुलगा म्हणाला, म्हणून त्यांच्या बंद घरात रोज दिवा मीच लावते. आज लावला आणि खिडकीशी जरा थांबले.

अक्का वारल्याचं ठाऊक नसलेला दूधवाला खालून ओरडला, "अक्का, आला व्हय परत? उद्यापासनं दूध घालू का?"

नाही म्हणायचं, तर मी फोटोतल्या बाईसारखी उभी. वर मानही डोलावली. का डोलावली?

उद्या सकाळी अक्कांच्या दारात दूध येईल.