साकवाचा अहवाल

मंगळवार, संध्याकाळ

ओढ्यावरचा साकव कोसळून दादा गेला, त्याच्या चौकशीचा अहवाल आम्हाला द्यावा, असा आज उच्च न्यायालयाचा निकाल लागला. माहिती आयोगाने कधीच सांगितलं होतं. बांधकाम खातं त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि वर्षं गेली. जिंकलो, तरी आनंद का होत नाही? नुसता थकवा.

वहिनीला सांगायला गेलो. ती अंगणात वाळत घातलेले कोलंबीचे सोडे गोळा करत होती.

"म्हणजे चूक कोणाची, ते ठरलं?"

"नाही वहिनी. आपल्याला अहवाल वाचायला मिळणार, एवढंच ठरलं."

तिने हातातले सोडे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "तुम्हीच वाचा, भाऊजी. त्यांनी शेवटी कोणाला हाक मारली, तेवढं असलं तर सांगा."

असलं काही अहवालात नसतं. तरी हो म्हणून आलो.