मशीन हिरवं म्हणतंय

१ जुलै

आज नाशिककर झाले. सिन्नरहून एक बॅग, दोन पोती पुस्तकं आणि वक्तृत्वाच्या ढाली घेऊन आले. ढाली घरीच राहू द्याव्यात असं मनात होतं, पण आई म्हणाली, तुझं कौतुक तूच घेऊन जा, मला फळीवर डबे ठेवायचेत. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे, भरपूर उजेड आहे. मालकीणबाईंनी चहा देता देता पहिलीच अट घातली : भाषणं गच्चीवर करायची, खोलीत नाही. म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधी पोचली!

काम अगदी मनासारखं. ‘मदतकट्टा’ हा ऑनलाइन गप्पांचा कट्टा. पायथन ही संगणकाची भाषा नुकतीच शिकायला लागलेली गावोगावची मुलं तिथं मराठीतून अडचणी टाकतात आणि आम्ही मदतनीस त्यांना वाट दाखवतो. अडचण सुटली की मदतनीस तिला ‘सुटला’ अशी खूण करून बंद करतो. बंद झालेल्या प्रश्नात पुन्हा कुणाला लिहिता येत नाही.

ज्या मुलांच्या आजोबांना सही करता येत नव्हती, ती यंत्राला हुकूम देणार. यापेक्षा मोठं काम कोणतं?

५ जुलै

तेजलशी भांडण झालं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीतली मदतनीस, स्वभावानं गोड. कुणी अडलं की दुरुस्त केलेला प्रोग्राम सरळ चिकटवून देते. मी कट्टा चालवणाऱ्या किशोर सरांसमोर उभी राहिले आणि बोलले. तयार उत्तर ही भीक आहे. भीक घेणारा हात कधी लिहायला शिकत नाही. या मुलांना शतकानुशतकं तयार उत्तरंच मिळाली, त्यांचे प्रश्न कुणी ऐकलेच नाहीत. आपण प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर द्यायचं.

तेजल म्हणाली, अगं बाई, बुडणाऱ्याला आधी हात द्यावा, पोहण्याचे धडे मग. सगळे हसले. पण सरांना माझंच पटलं. ते कट्ट्यात नियमच बसवणार आहेत. मदतनिसानं तयार उत्तर दिलं की ते आपोआप पुसलं जाईल आणि तिथं एक ओळ येईल : ‘तयार उत्तर देऊ नये.’ ओळ मीच लिहून दिली.

१३ जुलै

आज एक हिरा सापडला. पल्लवी, सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, अकरावीतली. तिचा भाऊ दत्तू जीप चालवतो. वाटेत नदीवर फरशी आहे, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पावसात ती पाण्याखाली जाते. वरच्या अंगाला बंधाऱ्याच्या खांबावर पट्टे रंगवलेत. तिथं तिची आत्या तानुबाई राहते. आठवा पट्टा बुडाला की थोड्या वेळात फरशी धोक्याची होते, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. पण ड्रायव्हर लोक आत्याचं ऐकत नाहीत. म्हणतात, म्हातारी उगाच घाबरवते. म्हणून पल्लवी प्रोग्राम लिहिते आहे. आत्यानं मोबाइलमध्ये बुडालेल्या पट्ट्यांचा आकडा घालायचा. आठच्या आत असेल तर पडदा हिरवा. आठ किंवा वर असेल तर लाल. आत्यानं फोनवर फक्त रंग सांगायचा.

माझ्या अंगावर काटा आला. आमचं नाशिक गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. आता ही पोर तेच यंत्राला शिकवायला निघाली आहे.

मी तिला विचारलं, सुरुवात कुठून करावी असं तुला वाटतं? ती म्हणाली, ताई, ते तुम्ही सांगा ना. मी सांगितलं नाही.

२१ जुलै

पल्लवी आठवडाभर एकाच चुकीवर अडली होती. तिनं लिहिलं होतं, पट्टे आठ किंवा जास्त असतील तर लाल. पायथन चिडत होता. कारण साधं आहे : बाहेरून टाइप केलेली प्रत्येक गोष्ट तो अक्षरं म्हणून घेतो. हा आकडा आहे असं त्याला बजावून सांगावं लागतं. ती विचारत राहिली आणि मी उलट विचारत राहिले. एकदा तिनं लिहिलं, ताई, तुम्ही परीक्षा घेता का मदत करता? मला हसू आलं.

आज तिनं वाट काढली. तिनं आठलाच अवतरणचिन्हांत घातलं, म्हणजे आठही अक्षर झाला. अक्षराशी अक्षर, पायथन गप्प! सात घातलं, हिरवं. आठ घातलं, लाल. नऊ, लाल. ती आनंदानं वेडी झाली.

मला मात्र लगेच दिसलं. अक्षरं तोलताना पायथन शब्दकोशासारखं पहिलं अक्षर आधी बघतो. दहामधला एक हा आठच्या आधी येतो. म्हणजे दहा घातलं तर पडदा हिरवा होईल.

तिनं विचारलं, ताई, झालं ना बरोबर? आत्या हाच वापरणार आहे.

मी लिहिलं, तुला काय वाटतं?

ती म्हणाली, मला तर बरोबर वाटतं.

मी ‘सुटला’ खूण केली. नऊच्या वर पाणी गेलेलं तिथं कुणाला आठवत नाही, हे तिनंच सांगितलं होतं. एक दिवस ती स्वतः दहा घालून बघेल, दचकेल, शोधेल आणि खरी शिकेल. तो दिवस मी तिच्याकडून हिसकावून घेणार नाही.

४ ऑगस्ट

पंधरा ऑगस्टला कट्ट्याचा मेळावा आहे. मुख्य भाषण माझं : ‘उत्तर नको, प्रश्न द्या’. पल्लवीला व्यासपीठावर बसवायचं, सत्कार करायचा, असं मीच सुचवलं. तिचे वडील मंगळूभाऊ फोनवर म्हणाले की पोरीनं नवा ड्रेस शिवायला टाकलाय, दत्तू स्वतःच्या जीपनं आदल्या दिवशी आणून सोडंल. मग हळूच विचारलं, तिथं जेवायचं काय? मी म्हटलं, पुरणपोळी. ते म्हणाले, मग मी बी येतो. आम्ही दोघंही हसलो.

१४ ऑगस्ट

पहाटेपासून धो धो. दुपारी मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं, अशी बातमी आली. मी भाषण घोकत होते.

संध्याकाळी किशोर सरांचा फोन. सुरगाण्याकडे फरशीवरून एक जीप वाहून गेली. भाऊ-बहीण होते आत. वडील शेवटच्या क्षणी ताप आला म्हणून घरी थांबले.

मी विचारलं, किती पट्टे होते? सर म्हणाले, कसले पट्टे?

१७ ऑगस्ट

सर, तेजल आणि मी पाड्यावर जाऊन आलो.

दत्तू सापडला. झेंडूचा हार घातलेल्या फोटोत त्याचे दात दिसत होते, हसरा मुलगा होता. पल्लवी सापडली नाही.

अंगणाच्या एका टोकाला तानुबाई एकट्या बसल्या होत्या. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. बायका दबक्या आवाजात सांगत होत्या : त्या दिवशी दत्तूनं फोन केला, तर ह्या म्हणाल्या, पाणी लय हाय, येऊ नको रं. तो म्हणाला, आत्ये, तुझं राहू दे, मशीन काय म्हणतंय ते सांग. हिरवं म्हणतंय, असं ह्यांनी सांगितलं. तो हसला. म्हणाला, मग तुझ्यापेक्षा आपली पल्लवी शहाणी. आणि त्यानं गिअर टाकला.

सगळे म्हणतात, म्हातारीनं पट्टे चुकीचे मोजले. शिकलेल्या पोरीचं मशीन चुकेल कसं? तानुबाई एकच सांगत होत्या, मी धाच मोजलं व्हतं, धाच. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, बाई, तुम्ही शिकवलं ना तिला? मीच चुकले असंल का?

मंगळूभाऊंना तानुबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी सख्ख्या बहिणीच्या हातचं पाणी जमिनीवर ओतलं.

एक वाक्य पुरेसं होतं. तुम्ही बरोबर मोजलंत, प्रोग्राम चुकीचा होता आणि ते मला माहीत होतं. मी हजारांच्या सभा गाजवल्या आहेत. मी मान खाली घातली आणि चहा घेतला.

२० ऑगस्ट

सकाळी ऑफिसात कट्टा उघडला. पल्लवीचा प्रश्न उघडा होता. ‘सुटला’ खूण नव्हती. खाली नवी ओळ :

‘ताई, दहा घातलं तर हिरवं का होतं?’

कुणीतरी तिचं खातं वापरतंय, असं मी स्वतःला समजावलं. पण हा प्रश्न दुसरं कोण विचारणार? मी खुलासा टाइप केला. तो डोळ्यांदेखत पुसला गेला. तयार उत्तर देऊ नये. पुन्हा लिहिला. तयार उत्तर देऊ नये. नुसतं ‘मला माफ कर’ लिहिलं, तेही गेलं.

सवयीनं बोटांनी लिहिलं, तुला काय वाटतं? ते मात्र राहिलं.

उत्तर आलं : ‘गार वाटतं.’

२१ ऑगस्ट

तेजलला पडदा दाखवला. तिला तिथं काहीच दिसत नाही. प्रश्न बंद आहे म्हणते, ‘सुटला’ म्हणून. खूण तुझ्याच नावाची आहे.

ठरवलं की आता सरांना सगळं सांगायचं. त्यांच्यासमोर उभी राहिले, श्वास घेतला, चूक माझी होती असं म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं, चूक कुणाची होती?

सर म्हणाले, म्हातारीची, आणखी कुणाची? तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा प्रश्नच. माझ्या तोंडून आता फक्त प्रश्न येतात.

२३ ऑगस्ट

मंगळूभाऊंना फोन केला. तानुबाईंनी बरोबर मोजलं होतं, एवढंच. तोंडातून निघालं, तानुबाईंनी बरोबर मोजलं होतं का?

मग ते म्हणाले, तुम्हाला बी तोच संशय हाय ना. आता ती ह्या पाड्यात राहणार नाही.

मी तानुबाईंना आणखी खोल ढकललं. मी.

२४ ऑगस्ट

कट्ट्यावर एकच ओळ, परत परत. ‘ताई, दहाला हिरवं का? ताई, दहाला हिरवं का? ताई’

लिहिता येतंय. वहीत लिहिता येतंय! इथं विधान विधानच राहतं. म्हणजे कागदावर लिहून तानुबाईंच्या हातात — नाही, साऱ्या पाड्यासमोर, मंगळूभाऊंच्या हातात. उद्या जाते. आभाळ भरलंय. जाऊ दे.

२५ ऑगस्ट

वणीहून जीप. मागं कुणीच नव्हतं. पाऊस वाढला.

फरशीजवळ थांबलोय. फरशी दिसत नाही, नुसतं लाल पाणी.

ड्रायव्हरनं फोन कानाला लावला. म्हणाला, आत्ये, रंग सांग.

तो हसला. ते दात मी पाहिलेत. हारामागे पाहिलेत.

मागच्या सीटवरून पाणी ठिबकतंय. नवा ड्रेस. मी वळून बघत नाही. ती विचारते, ताई, किती पट्टे?

मी ओरडले, थांब म्हणून. तोंडातून आलं — थांबायचं का?

तो म्हणाला, हिरवं म्हणतंय ताई, कशाला थांबायचं? गिअर टाकला —

लिहून दाखवते त्याला, पानभर मोठ्या अक्षरात — पाय ओले — तानुबाईंनी बरोबर मोजलं. पल्लवी, ऐक, हे तयार उत्तर आहे, घे, अवतरणचिन्हं काढ, आकडा कर त्याचा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दहा हे आठपेक्षा —